कुत्रं गेलं, तर काय कराल? बीड जिल्ह्यातली सोय आणि खर्च

आधी एक ठरवा. तुमचं कुत्रं गेलंय, की जायच्या वाटेवर आहे? गेलं असेल तर वेळ थोडा आहे आणि खर्चही थोडाच. वाटेवर असेल तर वेळ आहे, पण पैसा चुकीच्या हातात जातो तोही याच दिवसांत. घर रडत असताना कुणी दर विचारत नाही आणि समोरच्याला ते माहीत असतं. म्हणून हे वाचायचं काम घरातल्या जरा कोरड्या डोळ्यांच्या माणसाकडे द्या.

खालचे आकडे हिशेब बांधण्यापुरते आहेत. वजन, अंतर आणि घड्याळ यांनी ते हलतात. दरपत्रक म्हणून कुणापुढे नाचवू नका.

कोणता दवाखाना, कोणता डॉक्टर

गावातला गुरांचा दवाखाना श्रेणी-१ आहे की श्रेणी-२, हे पाटीवर वाचा. श्रेणी-१ मध्ये पशुधन विकास अधिकारी असतात, म्हणजे पदवीधर पशुवैद्यक. श्रेणी-२ साधारणपणे पशुधन पर्यवेक्षकाच्या भरवशावर चालतो. लसीकरण, मलमपट्टी यांसाठी तो ठीक. तुमचं काम तिथं व्हायचं नाही, चक्कर वाचवा. बीड शहरात जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, काही तालुक्यांच्या गावी लघु सर्वचिकित्सालयं आहेत. सकाळीच जा. दुपारनंतर ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ हे उत्तर खोटं असतंच असं नाही, खरोखरच गावोगाव गुरं बघायची असतात. सरकारी दवाखान्यात केसपेपरचे पैसे किरकोळ असतात. पावती मागा. औषध बाहेरून आणायला सांगितलं तर चिठ्ठीवर लिहून घ्या आणि मेडिकलचं बिल ठेवा.

१९६२ हा पशुसंवर्धनाचा टोल-फ्री क्रमांक. फिरता दवाखाना मुख्यतः शेतकऱ्यांच्या जनावरांसाठी आहे. फोन लावून विचारायला पैसे पडत नाहीत, पण कुत्र्यासाठी गाडी दारात येईलच असं धरून बसू नका.

दुसरं मत हवं असेल तर परळी, माजलगावच्या लोकांना परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, अंबाजोगाईकरांना उदगीरचं. दोन्ही नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची, दोन्हीकडे बाह्यरुग्ण विभाग. आष्टीच्या लोकांनी बीडकडे तोंड करण्याआधी अहिल्यानगरला फोन करावा, अंतर कमी पडतं. जुने रिपोर्ट, लसीकरणाचं कार्ड आणि चालू औषधांच्या रिकाम्या पाकिटांचे फोटो सोबत न्या. नाहीतर त्याच रक्ततपासण्या पुन्हा होतील आणि पुन्हा पैसे.

एक इशारा. गावात गायी भरवायला, म्हणजे कृत्रिम रेतनाला येणारा माणूस हाताला चांगला असेल, त्याला सगळे ‘डॉक्टर’ही म्हणत असतील. तरी कुत्र्याला शेवटचं इंजेक्शन द्यायला त्याला बोलावू नका. पदवीधर आणि महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदलेला डॉक्टरच हवा. शिक्क्यावर नोंदणी क्रमांक असतो, तो बघा.

शेवटचं इंजेक्शन

बरा न होणारा आजार, न थांबणाऱ्या वेदना किंवा जबर अपघात असेल तर डॉक्टर शांत मरण देऊ शकतात. म्हातारं झालं, घर बदलतोय, सांभाळायला कुणी नाही, ही कारणं होत नाहीत. ‘हो’ म्हणणारा डॉक्टर भेटला तर तो सोयीचा नव्हे, धोक्याचा समजा.

ठरत नसेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करा. आज स्वतःहून खाल्लं का, उठून बाहेर गेलं का, शांत झोपलं का? तिन्हींना ‘नाही’ आलेले दिवस जास्त होऊ लागले की डॉक्टरांपुढे कॅलेंडर ठेवा. आणि सरळ विचारा: ‘ही सलाईन बरं करायला आहे, की दिवस ढकलायला?’ मूत्रपिंडं गेलेल्या कुत्र्याला रोज सलाईन लावली की दिवसाचे चार-पाचशे सहज जातात आणि आठवड्यात तीन हजारांच्या पुढं आकडा जातो. ते खर्च करायचे की नाही हे तुम्ही ठरवा. थांबलात म्हणून प्रेम कमी पडलं, असं कुणी म्हणालं तर पुढचं बिल त्याच्याकडे द्या.

आता दर. डॉक्टरांची फी, घरी येणं आणि औषध मिळून बीड, अंबाजोगाईसारख्या ठिकाणी पंधराशे ते साडेतीन हजारांचं गणित धरा. गावठी पंधरा किलोचं असेल तर खालचा आकडा, लॅब्राडोर किंवा भारदस्त पश्मी असेल तर वरचा, कारण औषध वजनावर लागतं. फोनवरच विचारून घ्यायच्या गोष्टी: गाडीभाडं एका बाजूचं की दोन्ही बाजूंचं? रात्रीचा किंवा रविवारचा दर वेगळा का? औषध फीमध्येच की वेगळं? दाखल्याचे पैसे वेगळे का? आणि ‘पुढचं आम्ही बघतो’ म्हणून हजार-दोन हजार लावले असतील तर कुठं पुरणार, कोण पुरणार, तुम्हाला सोबत येऊ देणार का? उत्तर गुळमुळीत आलं तर ती ओळ बिलातून काढायला सांगा. माझ्या घरी हे न विचारल्यानं सतरा किलोमीटरच्या अंतराला चौतीसचे पैसे मोजावे लागले, आणि वर ‘संध्याकाळ झाली’ म्हणून तीनशे.

पैशापेक्षा महत्त्वाचा प्रश्न मात्र वेगळा आहे. ‘आधी भूल देणार ना?’ हे विचाराच. नीट पद्धत दोन टप्प्यांची. पहिल्या इंजेक्शननं कुत्रं गुंगीत जातं. झायलाझिन हे त्यासाठी नेहमी वापरलं जाणारं औषध. त्यानंतर भुलीच्या औषधाची मोठी मात्रा शिरेतून, थायोपेंटोन किंवा पेंटोबार्बिटल. भटक्या कुत्र्यांसाठीच्या २०२३ च्या केंद्रीय नियमांतही असाध्य आजार झालेल्या कुत्र्यासाठी शिरेतून पेंटोबार्बिटल हीच पद्धत नावानं दिली आहे. स्वस्तात उरकायचं म्हणून शुद्धीवर असलेल्या कुत्र्याला नुसतं मॅग्नेशियम सल्फेट टोचणं हा शॉर्टकट आहे आणि तो क्रूर आहे. श्वास कोंडतो, शुद्ध राहते. चारपाचशे वाचवण्यासाठी हे करू देऊ नका.

गुंगी यायला पाच-दहा मिनिटं लागतात, पुढचं काही मिनिटांत संपतं. डोळे उघडेच राहतात. एखादा मोठा श्वास येतो, पाय हलतो, लघवी होते. ते दुखणं नसतं, पण आधी सांगितलेलं नसेल तर घरातली मंडळी घाबरतात. खाली जुनं पोतं आणि त्यावर चादर अंथरा. लहान मुलं हजर असावीत का, हे डॉक्टर नव्हे, तुम्ही ठरवा. दुसरं कुत्रं घरात असेल तर त्याला नंतर वास घेऊ द्या, दारात वाट बघणं कमी होतं.

कागद एकच. साध्या कागदावर तुमचं नाव, पत्ता, कुत्र्याचं वर्णन, वय, आजार, ‘माझ्या संमतीनं’ हे शब्द, तारीख, सही. शंभराच्या स्टॅम्पपेपरची गरज नाही, कुणी मागितला तर का म्हणून विचारा. त्यात आणखी एक ओळ हवी: ‘गेल्या दहा दिवसांत या कुत्र्यानं कुणाला चावलेलं नाही.’ चावलं असेल तर इंजेक्शन पुढं ढकला. त्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी लागते, आणि चावलेल्या माणसानं ते दहा दिवस संपायची वाट न बघता लस सुरू करायची असते.

घरातली कर्ती माणसं ऊसतोडीला कारखान्यावर असतील आणि कुत्रं गावात म्हाताऱ्या आईवडिलांजवळ, तर संमतीची सही म्हाताऱ्यांची चालते. पण डॉक्टरांशी एकदा फोनवर तुम्ही स्वतः बोला आणि दर त्याच फोनवर ठरवा. म्हातारा माणूस एकटा समोर असला की आकडा वाढायला वेळ लागत नाही. पैसे फोनवरून परस्पर डॉक्टरांना पाठवा, मधल्या माणसाच्या हाती देऊ नका.

आणि हे कुणी सुचवेलच: पोळीत औषध घालून टाका, पाच मिनिटांत मोकळे. पाच मिनिटांत नाही, तासभर तडफड होते. शिवाय तो गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली प्राण्याला विष घालून मारणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कुत्रं तुमचं स्वतःचं असलं तरी १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा लागू आहेच.

गेल्यावरचे पहिले चार तास

अंग दोन-चार तासांत ताठ होतं, उन्हाळ्यात त्याहून लवकर. म्हणून लगेच पाय पोटाशी दुमडून, झोपलेलं असतं तसं ठेवा. हे राहिलं तर खड्डा दीडपट खणावा लागतो आणि मजुरीही तेवढीच वाढते. मागच्या बाजूला जुनं फडकं बांधा. फरशीवर, सावलीत, पंख्याखाली ठेवा. एप्रिल-मेमध्ये सकाळचं मरण संध्याकाळपर्यंत थांबवायचं असेल तर बर्फ लागतो. पोत्यात गुंडाळून पोटाजवळ आणि मानेजवळ ठेवा, दीडशे-तीनशे रुपयांत भागतं. पुण्याहून मुलगा येईपर्यंत थांबायचं असेल तर थंडीच्या दिवसांत एक रात्र निघते, उन्हाळ्यात बर्फाशिवाय निघत नाही.

अंगावर गोचीड असतील तर शरीर गार पडताच ते उतरून अंथरुणाकडे निघतात. चादर जाळून टाका किंवा पुरून टाका, धुवायला घेऊ नका.

खड्डा

बीड जिल्ह्यात बहुतेक घरांचा मार्ग हाच, आणि हाच सगळ्यांत स्वस्त. जागा तुमची स्वतःची हवी. बटईनं केलेली जमीन असेल तर मालकाला विचारा, नंतर पेरणीच्या वेळी नांगराला हाड लागलं की वाद होतो. गायरान, शाळेचं मैदान, बिंदुसरेचं पात्र, पाटचारी, धरणाचा पाणलोट, हे सगळं वगळा. विहीर किंवा बोअरपासून किमान शंभर फूट लांब जा. आपल्याकडचा खडक भेगाळ आहे, वरचं पाणी खाली कुठं निघेल सांगता येत नाही. शेजाऱ्याच्या बोअरचंही अंतर मोजा, फक्त स्वतःच्या नाही.

माप: मध्यम कुत्र्यासाठी साडेतीन फूट लांब, अडीच फूट रुंद, चार फूट खोल. पस्तीस घनफूट होतात, ब्रासच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त. शरीरावर तीन फूट माती यायला हवी. दोन फुटांवर भागवलं तर तिसऱ्या रात्री गावातली कुत्री उकरतात, आणि सकाळी जे बघावं लागतं ते बघू नये असं असतं. इंजेक्शन देऊन मरण दिलं असेल तर खोलीबाबत तडजोड नकोच. ते औषध मांसात टिकून राहतं आणि उकरून खाणारं कुत्रं, कोल्हा, गिधाड त्यानं मरू शकतं. शरीर उघड्यावर किंवा उकिरड्यावर टाकू नका, ते यासाठीही.

काळ्या रानात खणायला सोपं, पण उन्हाळ्यात तिथं हातभर भेगा पडतात आणि वास वर येतो. पावसाळ्यात त्याच खड्ड्यात पाणी साचतं. निवड असेल तर बांधाजवळची उंचावरची मुरमाड जागा घ्या. पाटोदा, धारूरकडच्या डोंगराळ भागात दोन फुटांवर खडक लागतो. तिथं पहारीशी झुंजण्यापेक्षा ओढ्यापासून दूर, माती खोल असलेली जागा शोधा.

मजुरीचं गणित असं. दोन माणसं, अर्धा दिवस, दोघांचे मिळून हजार ते चौदाशे, कारण अर्ध्या दिवसाला पूर्ण रोज मागतात. जेसीबीचा तास हजार-पंधराशेचा, काम दहा मिनिटांचं, पण भाडं पूर्ण तासाचं आणि येण्याजाण्याचा वेळ त्यातच मोजला जातो. शेजारच्या रानात जेसीबी आधीच चालू असेल तर चालकाला नव्हे, मालकाला फोन करा. तीनशे-पाचशेत खड्डा होतो. घरातली दोन धडधाकट पोरं आणि संध्याकाळचे तीन तास असतील तर खर्च शून्य. पोरांना ते काम दिलेलं बरंही असतं, हात चालू राहतात.

मिठाची पोती आणू नका. पाच-दहा किलो मीठ, चुन्याची पिशवी, अशी यादी गावातलं कुणीतरी देईलच. मीठ आणि चुना यांनी शरीर लवकर मातीला मिळत नाही, उलट उशीर होतो, आणि मिठानं जमीनही खराब होते. रीत म्हणून मूठभर टाकायचं असेल तर टाका. प्लास्टिकची पिशवी, मेणकापड, नायलॉनची गोणी नको. जुनी सुती चादर किंवा धोतर पुरे. पट्टा आणि साखळी काढून घ्या, लोखंड आणि नायलॉन खाली तसंच राहतं.

वर फूटभर उंच ढीग ठेवा, पहिल्या पावसात तो खाली बसतो. त्यावर दगड आणि बोराटीची किंवा बाभळीची काटी. पाऊस झाल्यावर एकदा जाऊन पुन्हा माती ओढा. झाड लावायचं असेल तर थेट वर नको, दोन हात बाजूला लावा.

रान नसेल तर

बीड, परळी, अंबाजोगाईत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांची खरी अडचण इथं आहे. पहिला फोन गावाकडच्या नातेवाइकाला करा. छोटा हत्ती किंवा पिकअप तालुक्यातल्या तालुक्यात पाचशे ते आठशे घेतो. ‘काय न्यायचंय’ ते आधीच सांगा. दारात आल्यावर कळलं तर चालक एकतर नाही म्हणतो, नाहीतर दुप्पट मागतो. एसटीचा विचार करू नका. स्कूटरवर पोत्यात नेणं स्वस्त पडतं, पण पंधरा किलोच्या पुढं ते तोल घालवतं.

नातेवाईक नसेल तर नगरपालिका किंवा नगरपंचायतीचा स्वच्छता विभाग. मेलेलं जनावर उचलणं त्यांच्या कामात येतं. फोन करताना ‘पाळीव आहे, घरातून उचलायचं आहे’ हे स्पष्ट सांगा आणि दोन गोष्टी विचारा: शुल्क किती, आणि नेणार कुठं. शुल्क असेल तर पावती असते. पावती नसेल तर तो चहापाणी आहे आणि तो देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. कचऱ्याच्या गाडीतून नेलं जाण्याची शक्यता धरून चाला. ते घरच्यांना बघवणार नसेल तर वरच्या पिकअपचे पाचशे रुपये मोजलेले बरे.

दहन करायचंच असेल तर पिंपरी-चिंचवड, पुण्याकडे जावं लागतं. बीडहून जाऊन-येऊन पाचशे किलोमीटर. किलोमीटरला तेरा-पंधरा रुपये धरले तर साडेसहा ते साडेसात हजार नुसत्या गाडीचे, वर टोल, वर दहनाचं शुल्क. निघण्याआधी फोन करून यंत्र चालू आहे का, बाहेरगावचं कुत्रं घेतात का, राख परत देतात का, हे विचारा. मुंबईत महापालिकेनं २०२३ मध्ये मालाडला पाळीव प्राण्यांसाठी गॅसदाहिनी सुरू केली, ती मोफत. पण बीडहून एवढ्या लांब न्यायला ‘मोफत’ हा शब्द पुरत नाही. गावाबाहेर लाकडं रचून स्वतः जाळायचं तर नकोच. लाकूड भरपूर लागतं, अर्धवट राहतं, आणि राहिलेलं पुरावं लागतंच.

पूजा, दहावा, गोदाकाठी राक्षसभुवनला राख किंवा माती सोडणं, हे ज्याच्या त्याच्या मनाचं. गुरुजींना ‘कुत्र्यासाठी’ हे आधी सांगा, दक्षिणा आधी ठरवा.

तीन प्रसंगांत घाई नको

पहिला, कुणीतरी विष घातल्याचा संशय. पुरण्याआधी पोलीस ठाण्यात तक्रार द्या आणि सरकारी पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन मागा. शरीर बर्फात ठेवा, पण गोठवू नका. ओकारी, उरलेला तुकडा, आसपासची पुडी वेगळ्या स्वच्छ डब्यात, हातमोजे घालून. पुरून झाल्यावर तक्रार केली तर उकरावं लागतं आणि पुरावाही विरतो.

दुसरा, विमा. पॉलिसी असेल तर खड्ड्याआधी कंपनीला फोन. मृत्यूचा दाखला, लसीकरण कार्ड, कुत्र्याचे ओळखीच्या खुणांसह फोटो, उपचाराची बिलं, हे सगळं लागेल असं धरा. दाखल्यासाठी डॉक्टरांनी शरीर बघितलेलं असावं लागतं. चार दिवसांनी मागायला गेलात तर मिळत नाही. मिळाला तर घेऊ नका, खोटा दाखला तुमच्याच अंगाशी येईल.

तिसरा आणि सगळ्यांत गंभीर, पिसाळल्याचा संशय. लाळ गळत होती, आवाज बदलला होता, गिळता येत नव्हतं, दिसेल त्याला चावत होतं, यांतलं काही असेल तर आंघोळ घालू नका, तोंडाला हात लावू नका, शेवटचा मुका घेऊ नका. हातमोजे घालून उचला, खोल पुरा. गेल्या काही दिवसांत ज्यांना चावलं, ओरखडलं किंवा ज्यांच्या जखमेवर, तोंडाडोळ्यांत लाळ गेली, त्या सगळ्यांनी जखम साबणानं पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. लस सरकारी दवाखान्यात मोफत असते. डोस पूर्ण करा, पहिल्या दोनांनंतर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून थांबू नका. चावा खोल असेल तर लसीबरोबर जखमेत टोचायचं वेगळं इंजेक्शन लागतं, ते आहे का, हे जाण्याआधी विचारा.

हिशेब एकत्र करा. स्वतःचं रान आणि घरची माणसं असतील तर शंभर-दोनशेत भागतं. शहरातून गाडी आणि मजूर धरले तर दीड ते अडीच हजार. शेवटचं इंजेक्शन धरून तीन ते सहा हजार. पुण्याला दहन धरलं तर दहाच्या पुढं.

उरलेली औषधं दुसऱ्याच्या कुत्र्याला देऊ नका, विशेषतः माणसांच्या वेदनाशामक गोळ्या. न फोडलेली पाकिटं मेडिकलवाला बिलासह कधीकधी परत घेतो. पालिकेकडे नोंदणी केली असेल तर रद्द करून घ्या. पिल्लू पार्व्होनं गेलं असेल तर नवं पिल्लू निदान सहा महिने आणू नका. तो विषाणू अंगणातल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि फिनाईलला दाद देत नाही. फरशी आणि भांडी आधी साबणानं घासा, मग एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी करून दहा मिनिटं भिजू द्या. दोन्हीचा खर्च शंभराच्या आत.